पौर्णिमेची भरती आणि उलटे खेकडे

न्यू जर्सी म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर एडिसनची दुकानं येतात. खरं सांगायचं तर वीस वर्षं इथे काढून आमच्याही डोळ्यांसमोर फारसं वेगळं काही येत नव्हतं. शिकायला आलो, एम. एस. झालो, मग नोकरी, घर, मुलं आणि हिरवळ. राज्यासाठी म्हणून काय केलं असेल तर टोल भरला!

२०२४ च्या मे महिन्यात आबा, म्हणजे आमचे वडील, गुहागरहून आले. पंचाहत्तरी उलटलेली, सारा जन्म समुद्राकाठी गेलेला. आम्ही सकाळी ऑफिसात, मुलं शाळेत आणि आबा खिडकीत. आठवड्याभरातच म्हणाले, "अरे, इथं माझं काम काय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मुलीने शाळेतून आणलं. राज्याच्या दक्षिण टोकाला, डेलावेअर बेच्या किनाऱ्यावर, मे-जूनमधल्या पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला वर येतात. लाटेने उलटे पडलेले खेकडे सुलटे करायला स्वयंसेवक हवे असतात. 'रिटर्न द फेव्हर' या नावाने हे काम २०१३ पासून चालू आहे. आम्ही सर्वांची नावं नोंदवली. पौर्णिमा म्हटल्यावर आबांनी लगेच बोटं मोडली. "तिथीची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती."

बुद्धपौर्णिमेला पार्कवेने दोन तास गाडी हाकून रीड्स बीचला पोचलो. त्या दिवसांत, साधारण ७ मे ते ७ जून, तिथले किनारे पक्ष्यांसाठी बंद असतात, त्यामुळे दिवसाउजेडी दुरूनच पाहिलं. वाळूवर तांबूस छातीचे रेड नॉट नुसते टोचत होते. हा मूठभर पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून निघून उत्तर ध्रुवाकडे जातो. वाटेत इथे दोनेक आठवडे थांबून खेकड्यांची हिरवट अंडी खातो आणि वजन जवळजवळ दुप्पट करतो. तेवढं झालं नाही तर पुढचा प्रवास आणि वीण दोन्ही अवघड.

१९८० च्या दशकात या खाडीवर नव्वद हजारांवर रेड नॉट मोजले होते. १९९० च्या दशकात आमिषासाठी खेकड्यांची बेसुमार पकड झाली. मादी वयात यायला नऊ-दहा वर्षं लागतात, त्यामुळे भर पडणार कुठून? २००८ मध्ये न्यू जर्सीने पकडबंदी केली. तरी २०२१ ला पक्षी सात हजारांच्याही खाली होते.

रात्री स्वयंसेवकांबरोबर, परवानगी असलेल्या पट्ट्यात उतरलो. आबांची सव्वाअकराची भरती आमच्या आधीच येऊन ओसरायला लागली होती! किनारा बदलला की वेळ बदलते. (रोज पाऊण-एक तास पुढे सरकते हा हिशेब मात्र इथेही बरोब्बर.) आबा थोडे खट्टू झाले, पण वाळूकडे पाहिलं आणि विसरले. शेकडो तपकिरी ढाली पसरलेल्या, त्यातल्या कितीतरी उताण्या, पाय हवेत. नाव खेकडा असलं तरी हा प्राणी कोळी-विंचवांच्या जवळचा. रक्त निळं, आणि त्या रक्तापासून केलेल्या चाचणीने लशी व इंजेक्शनं निर्धोक आहेत का ते पाहतात. अलीकडे कृत्रिम पर्यायही निघाला आहे. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या दंडावर याचे उपकार!

शेपटीला धरायचं नाही, ती दुखावली तर त्याला सुलटं होणं अवघड जातं. दोन्ही हातांनी कवचाची कड धरायची आणि पालथं करायचं. आम्ही दहा-बाराला कमरेवर हात ठेवले. आबा गुडघ्यांची तक्रार विसरून मोजत राहिले. सदतीस.

परतताना गाडीत म्हणाले, "आपल्याकडे वेळासला कासवांची अंडी राखतात, तसंच हे. तिथं गावकरीच राखतात. तुम्ही इथले गावकरीच ना?"

हा प्रश्न आमच्यासोबत घरी आला. दर रात्री रीड्स बीच गाठणं शक्य नाही, पण गावकीची कामं घरातही निघाली. हिरवळीवर आम्ही भसाभस खत टाकत होतो. ते पावसाबरोबर ओढ्यांतून खाडीत जातं, म्हणून राज्यात २०११ पासून खताचा कायदा आहे: १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायचं नाही, आणि माती तपासल्याशिवाय फॉस्फरस नाही. आम्हाला पत्ताच नव्हता! आता खत थांबवून कोपऱ्यात मिल्कवीड लावलं आहे. आपल्या रुईच्या भावकीतलं झाड, मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त त्याच कुळावर वाढतात. राज्याच्या टॅक्सच्या फॉर्मवर वन्यजीव निधीची एक ओळ असते. वीस वर्षं ती ओलांडून पुढे जात होतो, यंदा तिथे आकडा लिहिला. सौ.नी गाडीला वन्यजीवांची नंबरप्लेट घेतली, तिच्या जादा पैशातूनही हीच कामं चालतात.

आबा आता गुहागरला आहेत. मे महिन्यात त्यांचा फोन येतो. तब्येत, मुलं, हवा सगळं मागाहून. पहिला प्रश्न, "आज तुमच्याकडे भरती किती वाजता रे?"

आम्ही आता वेळ आधीच पाहून ठेवतो.