मेंदूचेही हातावर पोट

गेल्या कापूस वेचणीतली गोष्ट. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बाया सकाळीच वावरात जातात. वेचणीचा हिशेब किलोवर. थांबले की मजुरी बुडाली. आमच्या मायला साखरेची बिमारी. त्या दिवशी तिने गोळी घेतली आणि भाकर मात्र नंतर खाऊ म्हणून फडक्यात बांधून नेली.

अकराच्या सुमारास बोलावणे आले. माय धुऱ्यावर बसलेली. लुगडे घामाने ओले, हात थरथरत होते. धाकट्याकडे बघून म्हणाली, "तू कोन होय रे?" आमच्या काळजात चर्र झाले. कुणी हसून म्हणाले, "बुढीनं घेतली वाटते." एकीने तर 'बाहेरचं' ठरवून भगताचे नावही सुचवले! गावच्या आशाताईंनी मात्र तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत माय विचारू लागली, "माहा कापूस कोनं मोजला वं?"

पुढे डॉक्टरांनी समजावले. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के. पण शरीर विसाव्याला असताना जी ऊर्जा लागते, तिच्यातला सुमारे 20 टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. जवळ साठा नावापुरता. रक्त आणील त्या साखरेवर त्याचे चालते; म्हणजे आपल्यासारखेच हातावर पोट. साखर 70 च्या खाली गेली की घाम, धडधड, थरथर हे इशारे मिळतात. 54 च्या खाली मेंदूचेच काम अडू लागते. माणूस बरळतो, ओळख विसरतो. फारच घसरली तर मेंदूकडे रक्त जास्त धावते, पण त्या रक्तातच साखर नसते. गाडीच्या खेपा वाढल्या, पोती रिकामीच! वेळेत साखर मिळाली नाही, तर झटके येतात, शुद्ध हरपते, जीवही जातो.

साखर वाढते एवढेच आम्हाला ठाऊक होते. सहा डिसेंबरला बाबासाहेबांच्या मधुमेहाविषयी आम्हीच भरभरून बोलायचो. घरातल्या बिमारीची मात्र कधी चौकशी केली नाही. गोळी लिहून देणाऱ्यानेही सांगितले नव्हते, की ती घेऊन उपाशी राहू नये. साऱ्याच गोळ्यांनी असे होत नाही; आपली कोणती, ते विचारून घ्यावे. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर निजवून 108 ला फोन करावा.

आता माय भाकर खाऊनच निघते. बटव्यात सुपारीशेजारी साखरेची पुडी असते. नातू एक पळवतो, म्हणून दोन ठेवते.