जांभळ्या लिंका

२००० सालच्या पुढेमागे वसई-विरार पट्ट्यात घरी संगणक असणं ही चैन होती. इंटरनेट पाहायचं तर स्टेशनजवळचा सायबर कॅफे गाठायचा. झेरॉक्सच्या दुकानाचा पोटमाळा, प्लायवूडचे आडोसे, चपला बाहेर आणि घड्याळावर डोळा, कारण पैसे तासाचे. त्यात भारनियमन. पंखा थांबला की यूपीएस टीट-टीट करू लागे आणि मालक खालून ओरडे, ‘सेव्ह करा रे!’ वीज आली की आम्ही आधी कंट्रोल आणि एच दाबत असू. डावीकडे हिस्टरीची पट्टी उघडे: आज, काल, मागचा आठवडा. जिथून उठलो तिथं परत पोचायला दोन क्लिक पुरत.

हे जमायचं, कारण प्रत्येक क्लिकला सर्व्हरकडून नवं पान यायचं आणि पानागणिक पत्ता वेगळा असायचा. ब्राउझर तो पत्ता टिपून ठेवी, आणि पाहून झालेली निळी लिंक जांभळी होई. नोकरीच्या जाहिरातींची यादी कुठवर वाचली ते रंगावरूनच कळे. (आपण वाचली की आधीच्या गिऱ्हाइकानं, ते मात्र कळत नसे. त्याची सगळी आवडनिवड त्या पट्टीत उघडी पडलेली असे. कॉलेजातली पोरं उठण्याआधी ती पुसायला सहसा विसरत नसत.) हिस्टरीच्या या पट्टीचं मोल सरकारलाही उमगलं. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहायला आणि उघडलेल्या वेबसाइटींची हिस्टरी किमान वर्षभर जपायला सांगितलं. आडोसा साडेचार फुटांहून उंच नको, हेही त्यातच होतं.

पण तोवर कॅफेंची सद्दी संपत आली होती आणि वेबसाइटीही पालटल्या होत्या. २००४ ला जीमेल आलं, २००५ ला गूगल मॅप्स. पान तेच राहतं, आतला मजकूर तेवढा बदलतो. गाडी बोरिवलीलाच उभी आणि खिडकीबाहेरचे फलक मात्र विरारपर्यंत पालटत जावेत, तसं. पत्ता बदलला नाही, तर हिस्टरीत नोंद कसली होणार?

आज याचा खरा फटका मोबाइल ॲपमध्ये बसतो. पुष्कळ ॲपांच्या पोटात एक छोटा ब्राउझर असतो, वेबव्ह्यू नावाचा. नाव, पत्ता, कागदपत्रं असं करत अर्जाच्या पाचव्या पायरीला आलो आणि बॅक दाबलं, की चौथी पायरी येत नाही. अख्खा अर्जच गायब. वेबव्ह्यूच्या लेखी आपण पहिल्याच पानावर होतो.

यावर तोड नाही असं नाही. एचटीएमएल-५ सोबत ‘पुशस्टेट’ ही सोय आली: पान नव्यानं न आणता पत्ता बदलायचा आणि हिस्टरीत नोंद घालायची. ॲपनं मात्र तिकडे कान द्यायला हवा. नुसतं पान लोड झाल्याच्या खबरीवर विसंबलं, तर हे बदल निसटतात. अँड्रॉइडमध्ये हिस्टरी बदलल्याची सूचना वेगळी मिळते, आयफोनवर वेबव्ह्यूच्या पत्त्यावर नजर ठेवावी लागते. वेबसाइटच पत्ता बदलत नसेल, तर ॲपच्या हाती फारसं उरत नाही.

माग ठेवणं काही कमी झालेलं नाही, उलट वाढलंय. कुठल्या चपलांवर आपण क्षणभर रेंगाळलो ते जाहिरातवाल्यांना ठाऊक असतं, आणि आपल्याला मागच्या पायरीवर जाता येत नाही. हा उफराटा कारभार आहे. कॅफेतली पट्टी चव्हाट्यावरची होती, पण निदान ती आपल्या कामी यायची.

आपल्याकडची कितीतरी मुलं रोज अंधेरी-मालाडला ॲप बनवायला जातात. त्यांना एवढंच सांगणं: पायरी बदलली की पत्ताही बदला, आणि बॅक दाबून पाहिल्याखेरीज ॲप लोकांच्या हाती देऊ नका. ती चाचणी ऑफिसच्या वायफायवर नको. परतीच्या विरार लोकलमध्ये, एका हातानं कडी धरून करा.