सही कोणाची?

अपत्याला अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांचे पालकत्व संपते. बहुतेक घरांत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मूल वयाने वाढले, पण व्यवहार समजण्याइतके वाढू शकले नाही, अशा घरात मात्र हा नियम एखाद्या दिवशी अचानक दारात उभा राहतो.

वडपे हे भिवंडी तालुक्यातील, मुंबई-नाशिक महामार्गावरील गाव. परिसर आता गोदामांनी भरला आहे. अशाच एका गोदामात हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांनी आपल्या बौद्धिक दिव्यांग मुलीच्या नावे, ती लहान असताना, मुदतठेव ठेवली होती. ते निवर्तले तेव्हा मुलगी तेवीस वर्षांची होती. ठेवीची मुदत संपल्यावर आई बँकेत गेली.

“ताई, मुलगी सज्ञान आहे. तुमची सही चालणार नाही. पालकत्वाचे प्रमाणपत्र आणा.”

“मी तिची आई आहे. त्याला आणखी कागद कशाला हवा?”

माउलीचा प्रश्न काळजातून आला होता. तरी अधिकाऱ्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आज आई सही करू मागते, उद्या दुसरा कोणी आप्त मागेल. जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याला मोल आले की, सातबाऱ्यावरील अशा नावाचा अंगठा उठवून घेण्यास पुष्कळ हात पुढे येतात.

या अडचणीवर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये उपाय आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी आईवडील अथवा नातेवाईक स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करू शकतात. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. समितीने दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेनेही बँकांना कळविले आहे. मात्र, पालकाची खरोखर गरज आहे काय आणि ती कोणत्या कामांपुरती, हे समितीने आधी पाहावयाचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नेही मर्यादित पालकत्वाचाच विचार मांडला आहे: निर्णय दोघांनी, परस्परविश्वासाने घ्यावयाचा.

ठाण्यास समितीपुढे मायलेकी बसल्या. कागद पाहून झाल्यावर मुलीलाच विचारण्यात आले, “तुझे पैसे कोणी सांभाळायचे?”

तिने आईकडे बोट दाखविले. क्षणभर थांबून म्हणाली, “पासबुक माझं.”

आई चमकली. तेवीस वर्षांत लेकीचे जेवण, औषध, कपडे सारे तिनेच ठरविले होते. पण लेकीला काय हवे, हे असे चारचौघांत कोणी तिला विचारले नव्हते. खुद्द आईनेही नाही.

प्रमाणपत्र हाती आले, तसे दायित्वही आले. नियुक्तीपासून सहा महिन्यांत पाल्याच्या स्थावर-जंगम मालमत्तेची व देण्याघेण्याची यादी समितीस द्यावी लागते. त्यानंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. आईला आधी हे जाचक वाटले. मग पतीची जुनी खतावणी तिने काढली आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर लेकीचा जमाखर्च लिहू लागली. पालक हा मालक नव्हे, विश्वस्त आहे, हे कायद्याच्या भाषेपेक्षा त्या पानांनीच तिला अधिक शिकविले.

‘माझ्यामागे कोण?’ हा प्रश्न प्रमाणपत्राने सुटत नाही. आई गेल्यावर नव्या पालकाची नियुक्ती पुन्हा समितीकडूनच करून घ्यावी लागेल. म्हणून आता दर एप्रिलमध्ये धाकटा मुलगा तिच्याशेजारी बसतो आणि हिशेब जुळवून पाहतो. काम संपले की पासबुक बहिणीच्या हाती देतो. ती ते आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवते, कडी लावते आणि कडी नीट लागली आहे ना, हे दोनदा ओढून पाहते.