एका वायसरखाली

वायसर म्हटला की डोळ्यांपुढे येते पातळशी चकती. हा तसा नाही. चांगला जाड आणि वजनदार. हातात घेतला की वाटतं, याच्यावर कुणीतरी जबाबदारी टाकलेली आहे. एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचा इनटेक मॅनिफोल्ड परत बसवताना तो स्टडवर चढतो. त्याची एक बाजू इनटेकच्या फ्लँजवर टेकते, दुसरी एक्झॉस्टच्या. वर नट एकच. बाहेरची गार हवा आत नेणारा ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आणि जळका धूर बाहेर टाकणारा बिडाचा, दोघांना इंजिनाशी धरून ठेवणारा हा एवढाच. श्वास आणि उच्छ्वास एका नटाखाली! मामेभावाने, म्हणजे दादाने, तो साफ करायला माझ्याकडे दिला होता. साफ होऊनही मी तो बराच वेळ बोटांत फिरवत राहिले.

दादा इंग्लंडात राहतो. ही गाडी जिथे जन्मली ते ॲबिंग्डन ऑक्सफर्डजवळ, त्याच्या घरापासून फार लांब नाही. १९६२ ते १९८० या काळात तिथे पाच लाखांवर एमजीबी तयार झाल्या. इंजिन १,७९८ सीसीचं, आणि घराणं अगदी संसारी. आपल्या ॲम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. मला ही गाडी आवडते ती म्हणूनच. रूप धावपटूचं आणि काळीज टॅक्सीचं.

सिलिंडर चार, पण हवा घ्यायला दारं दोनच. पहिला आणि दुसरा एका दाराने श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्याने. धुराला तीन दारं, त्यांतलं मधलं सामाईक. पाचही एकाच भिंतीत, ओळीने. फायरिंगचा क्रम १-३-४-२, म्हणजे दुसऱ्याचा श्वास पुरता होतो न होतो तोच त्याच दारात पहिला उभा. या ओढाताणीतही इंजिन इतकं गोड चालतं, याचं मला फार कौतुक आहे.

खरी परीक्षा फ्लँजच्या जाडीची. दोघांपैकी एखादा मॅनिफोल्ड कधी बदललेला असतो, कधी कुणी घासून सपाट केलेला असतो. मग एक फ्लँज जाड, एक पातळ. वायसर तिरका बसतो आणि सगळा दाब एकाच्याच वाट्याला येतो. एक्झॉस्ट सैल राहिला तर निदान फटफट ऐकू तरी येते. इनटेक सैल राहिला तर कार्बोरेटरला न विचारता हवा आत शिरते, मिक्श्चर पातळ होतं, स्लोवर इंजिन थरथरतं आणि कारण कुठेच दिसत नाही. म्हणून दादाने आधी दोन्ही फ्लँजवर मिळून पोलादी पट्टी धरली आणि मागून बॅटरी लावली. कुठून उजेड येतो ते बघायचं. पॅकिंग त्याने कोरडंच लावलं. काही लोक वरून सिलिकॉन फासतात, मला ते मुळीच पटत नाही. दोन पृष्ठभाग नीट घासले असतील तर मध्ये चिखल कशाला? नट मधून कडेकडे, पाळीपाळीने, थोडे थोडे. पीळ फार नको, सुमारे २० न्यूटन-मीटर. खालचे नट दिसत नाहीत. बोटांनी आटे चाचपायचे आणि नट सरळ धरला आहे ना, हे बोटांनाच विचारायचं.

मग दादाने हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं चालू इंजिनाच्या जोडाजोडावरून फिरवू लागला. हवा कुठे ओढली जाते ते ऐकत होता. मान तिरकी, डोळे मिटलेले.

साताऱ्याला आजोबांच्या घरी गणपतीच्या आधी पेटी दुरुस्त करायला एक गृहस्थ यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आल्याबरोबर ते पेटी वाजवत नसत. सगळे स्टॉप बंद करून भाता भरायचे, हात काढून घ्यायचे आणि मान अशीच तिरकी करून बसायचे. भाता किती सावकाश बसतो हे बघायचं. लवकर बसला तर कुठेतरी गळती. मग आजी देवघरातली उदबत्ती आणून देई. मास्तर ती भात्याच्या घड्यांजवळून फिरवत आणि आम्ही मुलं श्वास रोखून धुराची रेघ कुठे मोडते ते पाहत असू. रेघ मोडली की तिथे खडूची खूण. कोपऱ्यात, जिथे घडी दोनदा दुमडते, तिथे हटकून सापडायचं. मग मास्तर पिशवीतून रापी काढत, चांभाराची असते तीच, आणि चामड्याच्या पट्टीच्या कडा तासून इतक्या पातळ करत की बोटाला पट्टी कुठे संपते ते कळू नये. कड जाड राहिली तर घडी नीट मिटत नाही, म्हणायचे. सरस आजी स्वयंपाकघरात येऊ देत नसे, जनावराच्या कातड्याचा म्हणून. त्याच्यासाठी अंगणात वेगळी शेगडी पेटे. त्याचा तो उग्र वास आणि पहिल्या मोदकांचा वास माझ्या नाकात अजून शेजारी शेजारी आहेत. चामडं वाळेपर्यंत मास्तर चहा पीत आजोबांशी नाटकांच्या गप्पा मारत. शेवटी पेटी आजीपुढे सरके. ती काळी चारमध्ये गायची. त्या पट्टीवर बोट ठेवून ती नुसता सा लावायची आणि तो सुटत नाही हे पाहून मास्तर उठायचे.

गॅरेजात पेट्रोल होतं, तिथे उदबत्ती चालली नसती. पण या गाडीच्या कार्बोरेटरचं मूळही चामड्याच्या भात्यात आहे, हे दादाने सांगितलं तेव्हा मी उडालेच. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर बंधूंचं घराणं जोड्यांच्या व्यापारातलं, लिली अँड स्किनर या पेढीचं. त्यांनी केलेल्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीबरोबर फुलणारा आणि मिटणारा भाग चामड्याचा होता. मला हे अगदी रास्त वाटतं. हवा कोंडून धरायची विद्या ज्यांच्या हातात होती, ते चामडं कापणारे, शिवणारे, तासणारेच होते.

पुढे चामडं गेलं, धातूचा पिस्टन आला. १९२६ मध्ये मॉरिसने ती कंपनी घेतली. तत्त्व तेच राहिलं: इंजिन जितकं ओढेल तितका पिस्टन उचलला जातो, त्याच्या टोकाची निमुळती सुई जेटमधून वर येते आणि पेट्रोलला जागा होते. एमजीबीला असे दोन कार्बोरेटर. दादाने नळी एकाच्या तोंडाशी धरली, मग दुसऱ्याच्या. एकाचा सुस्कारा थोडा मोठा होता. स्क्रू जरासा फिरवला, पुन्हा ऐकलं. दोन्ही सारखे झाल्यावर त्याने नळी माझ्या कानाला लावली. खात्री करायला नव्हे, आनंद वाटून घ्यायला.

दुपारी टप खाली करून निघालो. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत चार स्फोट होतात. ३,००० आरपीएमला सेकंदाला बरोबर १००. हा सूर पांढरी पाचच्या जवळचा, खूप खालच्या सप्तकातला. काटा ३,१०० च्या थोडा पुढे गेला की काळी चार. दादा म्हणाला, गाडी ३,००० लाच खुलते. मी त्याला तिसऱ्या गिअरमध्येच राहायला लावलं आणि अजून थोडी रेस दे म्हटलं. त्याने दिली. त्याचं मत पांढरी पाचचंच राहिलं, पण त्याने आजीचं गाणं फारसं ऐकलेलं नाही.