जुन्या ट्रकचा हिशेब

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले, हे आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. घाण्याला बैल लागे. बैलाची किंमत एकदाच मोजावी लागे. वैरण मात्र रोज घालावी लागे, घाणा बंद असलेल्या शनिवारीदेखील. म्हणून बैल घेणारा शहाणा माणूस रंगविलेल्या शिंगांकडे न पाहता दात, खूर आणि चाल पाही. आज या देशात आपल्यातील काही तरुण मालवाहतुकीच्या धंद्यात आहेत, आणि काही त्यात उतरू पाहत आहेत. त्यांच्यासाठी बैलाच्या जागी ट्रक आला आहे. हिशेब मात्र तोच राहिला आहे.

आम्ही पेशाने शिक्षिका. डी.एड. करून अध्यापनाला लागलो त्याला आता तीस वर्षे होतील. ट्रकविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे वाचकांनी विचारल्यास उत्तर इतकेच, की आम्ही आयुष्यभर मुलांना भागाकार शिकविला, आणि जुना ट्रक घेताना सर्वाधिक उपयोगी पडणारे हत्यार भागाकार हेच आहे, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा काही वर्षे दुसऱ्याच्या ट्रकवर चालक होता. अश्दोद बंदरातून कंटेनर वाहून नेण्याचे काम त्याला स्वतःच्या नावावर मिळण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा नवा ट्रॅक्टर-ट्रक त्याच्या आवाक्याबाहेर असल्याने त्याने ‘यद श्निया’ घेण्याचे ठरविले. पैसा होता तो त्याच्या वडिलांच्या पित्सुईमचा. कारखान्यातील सव्वीस वर्षांच्या चाकरीनंतर हाती आलेली ती एकुलती एक रक्कम. बहीण आमच्याकडे येऊन म्हणाली, “ताई, गाडी बंद पडली तर नुसती गाडीच बंद पडणार नाही. आमच्या म्हातारपणाची पुंजी आहे ती. तू एकदा त्याच्याबरोबर जाऊन ये.” भाचा हसला. “मावशी, तू व्याकरण तपासणार का ट्रकचे?” आम्ही म्हणालो, “व्याकरण नाही, गणित तपासू.”

त्याने दोन ट्रक पाहून ठेवले होते. दोन्ही एकाच वर्षीचे, एकाच ताकदीचे. पहिल्याचा मीटर ३,९०,००० किलोमीटर दाखवीत होता, दुसऱ्याचा ६,६०,०००. पहिला नुकताच रंगविलेला, चकचकीत, आणि किंमत १५,००० शेकेलने अधिक. भाच्याचे मन पहिल्यावर बसले होते, आणि त्याचे कारणही उघड होते: कमी चाललेली गाडी कमी झिजलेली असणार.

येथेच भागाकार कामी आला. आजच्या ट्रकमध्ये किलोमीटरबरोबर इंजिन किती तास चालले याचीही नोंद असते. पहिल्याचे तास निघाले १५,६००, दुसऱ्याचे १२,०००. किलोमीटरला तासांनी भागले की सरासरी वेग मिळतो. पहिल्याचा आला ताशी २५, दुसऱ्याचा ताशी ५५. दुसरा ट्रक मोकळ्या महामार्गावर एका लयीत धावला होता. पहिला शहरातल्या सिग्नलांवर, बंदराच्या रांगेत, गिअर बदलीत आणि ब्रेक दाबीत कण्हत होता. चाके थांबलेली असतानाही त्याचे इंजिन धडधडत होते. कमी किलोमीटरचा ट्रक प्रत्यक्षात ३,६०० तास अधिक राबलेला होता. क्लच, ब्रेक, स्टार्टर यांची झीज किलोमीटरपेक्षा थांबण्या-निघण्यावर अधिक अवलंबून असते. शिवाय धुरातील काजळी अडविणारी जी गाळणी नव्या डिझेल वाहनांत असते, ती स्वच्छ होण्यासाठी धूर बराच वेळ पुरेसा तापावा लागतो. सतत रखडत चालणाऱ्या गाडीत ती लवकर तुंबते, आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च किरकोळ नसतो.

आता इंजिनाविषयी. पहिला ट्रक पाहायला आम्ही सकाळी आठ वाजता पोहोचलो, तरी इंजिन गरम होते. विक्रेता भाच्याशीच बोलत होता. आमच्याकडे त्याने एक खुर्ची सरकविली होती. ही गाडी सकाळीच कोणी चालविली, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याला नीट उत्तर देता आले नाही. गरम इंजिन आपले दोष झाकते, म्हणून दुसऱ्या दिवशी न कळविता पुन्हा गेलो. थंड इंजिन सुरू व्हायला फार वेळ घेत होते, आणि सुरू झाल्यावर बराच वेळ पांढरा धूर निघत राहिला. धुराचा रंग हा वैद्याच्या नाडीसारखा असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन वंगणाचे तेल जाळते आहे. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, इंजेक्टर किंवा हवेच्या मार्गात दोष आहे. थंडीत क्षणभर पांढरी वाफ दिसणे साहजिक, पण ती थांबत नसेल तर थंडावा देणारे पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. इंजिन तापल्यावर तेल घालण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून आगगाडीसारखे वाफेचे झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे.

भाच्याने गाडीखाली जाऊन चेसिस पाहिली, तर ट्रेलर जोडण्याच्या तव्याजवळ नव्या रंगाखाली वेल्डिंगचा व्रण सापडला. चेसिस हा ट्रकचा पाठीचा कणा. तेथील भेग रंगाने बुजते, बरी होत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू तेव्हा मावळले. “मावशी, चल,” एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या ट्रकचा रंग उडालेला होता, बैठक फाटलेली होती. पण मालकाने एक जाडजूड फाईल पुढे ठेवली: तेल केव्हा बदलले, पाण्याचा पंप केव्हा, ब्रेकची पाती केव्हा, सर्व पावत्या तारीखवार. अशी फाईल हा जुन्या वाहनाचा उत्तम जामीनदार असतो. तरीही फाईलवर विसंबून न राहता तपासणी करावी. हवेच्या ब्रेकसाठी टाक्या पूर्ण भरू द्याव्यात, इंजिन बंद करावे, आणि शांत उभे राहून काटा किती खाली येतो ते पाहावे, फुसफुस कोठून येते ते ऐकावे. टायरवर चार आकडी संख्या असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी खोल दिसली तरी जुने रबर उन्हाने फुटते, आणि नेगेवच्या उन्हाला दयामाया नाही. टायर एका बाजूने घासलेला असेल, तर दोष पुढच्या आसाच्या जोडणीत असू शकतो. ट्रॅक्टरला ६ आणि तीन आसांच्या ट्रेलरला ६ असे बारा टायर बदलावे लागले, तर स्वस्त ट्रक एका दिवसात महाग होतो. शेवटी स्वतंत्र तपासणी केंद्रात गाडी न्यावी, आणि ते केंद्र विक्रेत्याने सुचविलेले नसावे. गाडीवर कोणाचे कर्ज अथवा जप्ती नाही, हे रशम हामश्कोनोतकडे तपासल्याशिवाय एक शेकेलही हातावेगळा करू नये.

आता चालविण्याच्या खर्चाकडे वळू. भरलेला चाळीस टनी ट्रक लिटरला साधारण ३ किलोमीटर जातो. वर्षाला ८१,००० किलोमीटर चालवायचे असतील, तर ३ च्या हिशेबाने २७,००० लिटर सोलार लागेल, गाडी २.७ देत असेल तर ३०,०००. दशांशचिन्हापुढच्या तीन अंशांनी ३,००० लिटरचा फरक पडला. लिटरला ७ शेकेल धरले तर हे २१,००० शेकेल होतात, आणि तेही दरवर्षी. किमतीतील पंधरा हजारांसाठी आपण तासभर घासाघीस करतो. या एकवीस हजारांविषयी विचारतही नाही. ट्रकच्या पडद्यावर सरासरी दिसते, पण दोन गाड्यांची तुलना करताना रस्ता सारखा होता की नाही ते पाहिले पाहिजे. शहरात फिरलेल्या गाडीची सरासरी कमी दिसते, आणि त्याचा सगळा दोष इंजिनाचा नसतो. म्हणून शक्य तर सारखेच ओझे लादून, त्याच रस्त्यावर चालवून पाहावे. जेरुसलेम व हैफा या शहरांत प्रदूषण करणाऱ्या जुन्या डिझेल वाहनांवर बंधने आहेत, हेही विसरू नये. जो ट्रक गिऱ्हाइकाच्या दारी जाऊ शकत नाही तो फुकट मिळाला तरी महागच.

विश्वासार्हतेची किंमतही आकड्यांत मांडता येते. विमा, परवाना, हप्ते हा खर्च चाके फिरोत वा न फिरोत, द्यावाच लागतो. उदाहरणादाखल तो वर्षाला ८४,००० शेकेल धरू. वर्षाच्या दिवसांतून ५२ शब्बाथ वगळा, सण वगळा, शुक्रवार अर्धा धरा. कामाचे २८० दिवस उरतात असे मानू. दिवसाला ३०० शेकेल पडले. गाडी ४० दिवस मुसाखमध्ये उभी राहिली तर उरलेल्या २४० दिवसांवर तोच भार ३५० होतो. दुरुस्तीचे बिल आणि हातचे गेलेले काम वेगळेच. शब्बाथची विश्रांती आपण आनंदाने हिशेबात धरतो, ती आपल्या पूर्वजांनीही धरली होती. मुसाखमधली सक्तीची विश्रांती मात्र घर खाते. यास्तव ज्या ट्रकचे सुटे भाग जवळ मिळतात आणि ज्याची रचना जाणणारा कारागीर आपल्या गावात आहे, तो ट्रक दूरच्या नामांकित ट्रकपेक्षा बरा.

भाच्याने दुसरा ट्रक घेतला. वाचलेल्या पंधरा हजारांत आणखी पंचवीस हजार घालून ४०,००० शेकेल बहिणीच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवले, दुरुस्तीवाचून कशालाही न वापरण्याच्या बोलीवर. पाचव्या महिन्यात टर्बो गेला. त्या खात्यातून तो बदलला, चार दिवसांत गाडी पुन्हा रस्त्यावर आली, आणि पित्सुईमच्या उरलेल्या रकमेला हात लागला नाही. जुनी गाडी कधीच बिघडणार नाही असे वचन कोणी देत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. बिघाड येणारच, तो आला असता आपण उभे राहू की कोसळू, हे खरेदीच्या दिवशीच ठरते.

म्हणून तरुण वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे. खरेदीला जाताना कोरी वही आणि पेन्सिल न्यावी, घरातील एक वडीलधारे माणूस न्यावे, आणि घाई घरी ठेवावी. वहीत पाच आकडे मांडावेत: किलोमीटर, तास, लिटर, उभे राहण्याचे दिवस, आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढलेली रक्कम. यांतील एकही आकडा मिळत नसेल, तर तो मिळेपर्यंत सही करू नये. आईवडिलांच्या कष्टाचा पैसा ज्या चाकांवर आपण घालतो, ती चाके नीट पारखणे हेही एक मित्स्वाच आहे.