तिसरें चाक

गुडघ्यांनीं असहकार पुकारला, तेव्हां पन्नाशी उलटलेल्या मला मोटारसायकल सोडून तीनचाकी घ्यावी लागली. खोताच्या वाडींतल्या अरुंद बोळांतून, लांकडी घरांच्या पायऱ्यांना न घासतां ती बाहेर काढणें ही कसरतच! दुचाकी वळणावर आपल्याबरोबर झुकते. ही झुकत नाहीं, आणि वेग आवरला नाहीं तर बाहेरच्या अंगाला कलंडूं पाहते. म्हणजे तिसऱ्या चाकानें तोल दिला, पण विवेकाची जबाबदारी माझ्याकडेच ठेवली. सिग्नलपाशीं पाय न टेकतां बसलों कीं थोडें ओशाळल्यासारखें होतें. मग आठवतें, गॉटलीब डेमलर यांच्या १८८५ सालच्या आद्य मोटारसायकलीलाहि दोन बाजूंना आधाराचीं दोन छोटीं चाकें होतीं. वाहनाच्या बालपणीं जो आधार शोभला, तो स्वाराच्या उतारवयांत कां शोभूं नये?