कोरे तिकीट

सार्वजनिक बससेवेतील नव्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की चर्चा बहुधा इंजिनाभोवती फिरते. १ जून २०२२ रोजी एस.टी.ची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ पुण्याहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) गेली, तेव्हा सर्वत्र बॅटरीची चर्चा होती. त्याआधी ८ जुलै २०२१ रोजी नाशिक महापालिकेची ‘सिटीलिंक’ सुरू झाली, तेव्हा सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचे कौतुक झाले. त्यात वावगे काहीच नाही. परंतु बसमधली जी एकच वस्तू उतारूच्या हाती येते आणि त्याच्यासोबत घरी जाते, ती म्हणजे तिकीट. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तीच सर्वांत अधिक बदलली, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले, असे आमचे मत आहे. हे मत बनायला एक घरगुती कारण घडले.

अण्णा २०२४ साली गेले. वर्षश्राद्ध उरकल्यावर आम्ही तिघा भावंडांनी त्यांची पुस्तके आवरायला घेतली. अण्णा वाचनखूण म्हणून बसची तिकिटे वापरीत. सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांतून त्यांची किती तिकिटे परत गेली असतील कोण जाणे. पण घरच्या पुस्तकांत शे-दीडशे तरी निघाली. जुनी तिकिटे म्हणजे पातळ, रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या. प्रत्येक किमतीचा रंग निराळा, वर क्रमांक, कडेला टप्प्यांचे आकडे. कंडक्टर पत्र्याच्या ट्रेमधून ती फाडी आणि पंचने हव्या त्या आकड्यावर भोक पाडी. साडेसात रुपयांचे एकच तिकीट नसेल तर पाचाचे, दोनाचे आणि पन्नास पैशांचे अशी तीन हाती येत. त्यामुळे अण्णांच्या काही पुस्तकांत एकाच पानात तीन-तीन खुणा सापडल्या.

या तिकिटांवर ना तारीख, ना गावाचे नाव. माहितीच्या दृष्टीने ती जवळजवळ मुकीच. म्हणून अण्णा मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून ठेवीत: ‘सिन्नर, ताईकडे, पाऊस फार.’ ‘येवला, लग्न, जेवण उशिरा.’ काही तिकिटांमागे कंडक्टरचे अक्षर आहे. सुटे नसले म्हणजे कंडक्टर उरलेली रक्कम तिकिटामागे लिहून देई, आणि उतरताना ती मागून घ्यायची असे. एकावर निळ्या शाईत गोल करून ‘४’ लिहिले आहे. ते चार रुपये अण्णांनी बहुधा मागितलेच नाहीत. हिशेबाला चोख असले तरी मागायला ते संकोची होते.

या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस एस.टी.त यंत्रे आली. जुन्या पद्धतीविषयी हळवे होण्यापूर्वी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कंडक्टरच्या दृष्टीने ती पद्धत जाचकच होती. हिंदकळणाऱ्या गाडीत, अपुऱ्या उजेडात, किमतीवार तिकिटांचे क्रमांक वेबिलावर उतरवायचे, भाड्यांची बेरीज तोंडी करायची, आणि फेरी संपल्यावर रोकड जुळवायची. यंत्राने ही बेरीज स्वतःकडे घेतली. कोणत्या थांब्यावर किती चढले, कोणती फेरी रिकामी गेली, हे आगाराला कळू लागले. २०२३च्या सुमारास आलेल्या नव्या यंत्रांवर मोबाइलने पैसे देता येऊ लागले, आणि सुट्या पैशांवरून होणारी जुनी भांडणे बरीच मिटली. हा सर्व लाभ खरा आहे, आणि तो नाकारणे आम्हांस शक्य नाही.

तिकीट मात्र निराळ्याच पदार्थाचे झाले. या यंत्रात शाई नसते. कागदावरच्या थरात मूळचे रंगहीन रसायन आणि त्याला काळे करणारे दुसरे रसायन शेजारी-शेजारी असतात. यंत्रातले तापलेले बारीक ठिपके कागदाला टेकतात, तिथे दोन्ही वितळून एकत्र येतात आणि अक्षर उमटते. फीत नको, शाई नको, धक्क्यांची पर्वा नको. धावत्या बससाठी याहून सोयीची युक्ती मिळणे कठीण. पण असे उमटलेले अक्षर टिकाऊ नसते. ऊन, तेलाचा हात, मऊ प्लास्टिक, यांतले काहीही त्याला पुसून टाकते. (जाता जाता: या कागदात वापरल्या जाणाऱ्या ‘बिस्फेनॉल ए’ या रसायनावर युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली. उतारूच्या हाती असा कागद दिवसातून एक-दोनदा येतो, कंडक्टरच्या बोटांना तो दिवसभर लागतो. याची चौकशी व्हावी असे आम्हांस वाटते.)

सिन्नरची बस नाशिकरोडवरून जाते. १९२५ साली तिथे भारत प्रतिभूती मुद्रणालय स्थापन झाले आणि १९२८ साली नोटांचा छापखाना. टपालाची तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे, नोटा: कागद कसा टिकवावा, हे शंभर वर्षे जाणणारे हे गाव. त्याच गावावरून जाणाऱ्या बसमध्ये मिळणाऱ्या कागदाला एक उन्हाळा सोसवत नाही!

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. अण्णांना त्याचे अप्रूप वाटे. मोफत असले तरी यंत्रातून तिकीट निघतेच, शून्य रुपयांचे. पहिल्यांदा ते हाती आले तेव्हा अण्णांनी घरी येऊन सर्वांना दाखवले होते. ‘आयुष्यभर पैसे मोजले, आता सरकार म्हणते शून्य,’ असे म्हणून बराच वेळ हसले. पुढे सिन्नरच्या फेऱ्या वाढल्या. यंत्राच्या तिकिटांवर मात्र त्यांनी कधी पेन्सिल लावली नाही. लावावी तरी कशाला? तारीख, वेळ, कुठून कुठे, सगळे यंत्रानेच छापलेले होते.

शेवटच्या फेरीचे तिकीट त्यांनी जपून ठेवले होते, आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात. त्याच मऊ प्लास्टिकने ते पुसले. आमच्या हाती आली ती पिवळसर, गुळगुळीत, कोरी पट्टी. उजेडात तिरकी धरली की एका कोपऱ्यात ‘सि’सारखे काहीतरी दिसल्याचा भास होतो. तो दिवस, ती वेळ, ते आसन कुठल्यातरी संगणकात अजून नोंदलेले असेलही. पण ती नोंद फेऱ्यांच्या हिशेबासाठी आहे, अण्णांच्या मुलांसाठी नव्हे, आणि ती मागायला आम्ही कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे?

धाकटा म्हणाला, ऊब दिली तर अक्षरे परत येतात, असे कुठेसे वाचले आहे. आधी पाकिटातल्या एका औषधांच्या पावतीवर कोमट इस्त्री टेकवून पाहिली. ती क्षणात काळी पडली. अण्णांच्या तिकिटाला इस्त्री लावण्याचे मग कोणी बोलले नाही.

निदान मागे पेन्सिलीने तारीख लिहून ठेवू, असे ठरले. पण तारीख कोणती? बहिणीच्या मते ती फेरी दिवाळीनंतरची. आम्हांला पक्के आठवते की उकाडा होता आणि अण्णांनी पंचा बरोबर नेला होता. सिन्नरला आत्याबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘शेवटी शेवटी दोनदा आला होता रे, त्यातला कुठला म्हणतोस?’

अखेर ‘सिन्नर, ताईकडे’ एवढेच लिहिले आणि पट्टी अर्धवट वाचलेल्या पुस्तकात, जिथे रंगीत तिकीट सापडले होते त्याच पानात, त्याच्याशेजारी ठेवली.